पाणी उद्या येणार, पण किती वाजता?

"तुमचा मुलगा घरीच शिकतो ना? मग त्याच्याकडून लिहून कसं घेता?" मंडईत, लग्नाच्या पंगतीत, शेतावर हुरडा खाताना, कुठंही हा प्रश्न येतोच. परवा आमच्या सोलापुरातल्याच अक्कलकोट रोडवरून एका ताईंचा फोन आला. मुलगी 9 वर्षांची. दिवसभर तोंडाची टकळी चालू, पण वही उघडली की पोट दुखायला लागतं. "नाटक नाही हो, खरंच दुखतं तिचं. लिहिण्याचे काही खेळ असतील तर सांगा ना," असं त्या म्हणाल्या आणि मला माझ्या मुलाचं तेव्हाचं तोंड आठवलं.

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

शाळा सोडून तो घरी शिकायला लागला तेव्हा 7 वर्षांचा होता. त्याच्या वहीत 'माझा आवडता प्राणी' म्हणून फळ्यावरून उतरवलेल्या पाच ओळी होत्या, कुत्र्यावर. आम्ही कुत्रा कधी पाळला नाही. त्याचा जीव होता गल्लीतल्या मागाच्या कारखान्यापुढं बांधलेल्या शेळीवर. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं आपण होऊन एक ओळ लिहून आणली, 'शेळिने सुत खाल्ल.' मी पेन घेतलं. शेळीने, सूत, खाल्लं. तिन्ही शब्द दुरुस्त करून झाल्यावर विचारलं, "मग पुढं काय झालं रे?" त्यानं सांगितलं नाही. त्या शेळीचं पुढं काय झालं हे मला अजून कळलेलं नाही, आणि ती चूक माझी आहे.

नंतर बरेच महिने तो पेन्सिलीला हात लावेना. त्या काळात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लिहिणं म्हणजे एका वेळी दोन कामं. काय सांगायचं ते डोक्यात जुळवायचं आणि त्याच वेळी हातानं काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सांभाळायचं. मोठ्या माणसाचा हात आपसूक चालतो म्हणून त्याला ही दोन कामं वेगळी दिसत नाहीत. लहान मुलाची सगळी ताकद 'ष्ट' काढण्यात जाते, आणि 'ष्ट' संपेस्तोवर गोष्ट निसटते. शिवाय मराठीतलं ऱ्हस्व-दीर्घ कानाला नीट ऐकू येत नाही, ते नियमानं लिहावं लागतं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 साली आले, 1972 साली त्यांत भर पडली, आणि पदवी घेतलेली माणसंही अजून कोश उघडून बघतात. 7 वर्षांच्या पोरानं ते पहिल्या ओळीतच पाळावेत ही अपेक्षा मला आता क्रूर वाटते.

म्हणून आम्ही दोन्ही कामांची फारकत केली. जवळजवळ वर्षभर तो सांगायचा आणि मी लिहायची. तो म्हणेल तेच, तसंच. 'मंग' म्हणाला तर 'मंग'. सुधारणा नाही, सुचवणं नाही. लिहून झालं की मी मोठ्यानं वाचून दाखवायची. आठवडाभरातच तो मधे थांबवायला लागला. "असं नाही, आधी दोरी तुटली, मग ती पळाली." मी पान त्याच्यापुढं सरकवायची. एकदा त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेऊन एक शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला. मी काही बोलले नाही. स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

आता खेळांचं. तुम्हाला तेच हवं आहे हे मला माहीत आहे.

पहिला खेळ आम्ही शोधला नाही, तो नळानं दिला. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि आमच्या इमारतीत 'उद्या पाणी आहे का हो?' हे सगळे सगळ्यांना विचारत असतात. मी त्याला म्हटलं, "तू जिन्यात पाटी लाव." जुन्या पुठ्ठ्यावर त्यानं खडूनं लिहिलं, 'पाणि उद्या.' दहा मिनिटांत वरच्या मजल्यावरच्या काकू दारात. "बाळा, उद्या किती वाजता?" तो पळत खाली गेला आणि वेळ लिहून आला. मग तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं, उद्या म्हणजे कधी, पाटी लावली कधी ते कसं कळणार? तेव्हा वार आला. तीन आठवड्यांत पाटीवर वार, वेळ आणि 'मोटर कोणाची आधी' एवढं सगळं येऊ लागलं. 'पाणि'चं 'पाणी' त्यानं वाण्याच्या दुकानातली पाटी बघून स्वतः केलं.

माझं सगळं म्हणणं या पाटीत आहे, ताई. लिखाणाला गिऱ्हाईक पाहिजे. खरंखुरं, वाट बघणारं, त्या लिखाणावाचून अडणारं. तपासणारा माणूस म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. आई चुका बघते, काकूंना पाण्याची वेळ हवी असते. मुलाला हा फरक लगेच कळतो.

तेव्हापासून प्रत्येक खेळ सुचला की मी आधी हेच बघते, की हे लिहिलेलं कोण वापरणार.

शेंगाच्या चटणीचा खेळ आमच्या घरात सगळ्यात गाजला. दोन्ही मुलांना, थोरल्या लेकीला आणि या धाकट्याला, सांगितलं, कृती तुम्ही लिहा, मी अक्षरशः तेवढंच करणार. पहिला कागद आला, 'शेंगदाणे घ्या. तिखट मीठ लसूण घाला. कुटा.' मी कच्चे शेंगदाणे घेतले. लसणाचा गड्डा सालासकट उखळात टाकला. तिखट किती ते लिहिलं नव्हतं, म्हणून डबाच पालथा करायला निघाले तेव्हा थोरली किंचाळली. धाकटा हसून हसून लोळत होता. मग दोघांनी कागद हिसकावून घेतला. 'मंद आचेवर भाजा' आलं. 'भाजा' पुरेना, कारण मी एक दाणा भाजला, तेव्हा 'सगळे' आलं. 'सालं सुटेपर्यंत' आलं. 'कुटा' किती, तर 'तेल सुटून गोळा व्हायला लागेपर्यंत'. हे शेवटचं वाक्य कुठल्याही सुगरणीनं लिहावं इतकं चांगलं आहे, आणि ते एका न लिहिणाऱ्या मुलाचं आहे. पाचव्या कागदावरून केलेली चटणी आम्ही कडक भाकरीबरोबर खाल्ली. तो कागद तेलकट डाग पडलेला अजून फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, आणि नणंदेला पुण्याला त्याची नक्कल गेली.

आणखी एक खेळ मागावरून आला. आमच्या पलीकडं एक तेलुगू आजोबा राहतात, मुलं त्यांना ताता म्हणतात. त्यांची हयात चादरीच्या मागावर गेली. एकदा त्यांनी मुलांना जेकॉर्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांची माळ दाखवली. पुठ्ठ्यावर भोक असेल तिथं सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. आडवा धागा घेऊन धोटा मधून जातो. असे पुठ्ठ्यामागून पुठ्ठे गेले की चादरीवर मोर उतरतो. ताता म्हणाले, "एक भोक चुकलं की मोराचा डोळा गेला." मुलगा बराच वेळ तो पुठ्ठा उजेडाकडं धरून बसला होता. घरी येताना म्हणाला, "म्हणजे हे पण लिहिलेलंच आहे."

त्यावरून खेळ झाला. चौकटीच्या वहीत दहा बाय दहा घरांत एकानं नक्षी काढायची, लपवायची, आणि ती शब्दांत लिहून दुसऱ्याला द्यायची. दुसऱ्यानं फक्त वाचून घरं भरायची. धाकट्याचा पहिला कागद, 'मोर काढ. मान वाकडी.' थोरलीनं काढलेला मोर कोंबडीवर गेला. भांडण झालं. मी मधे पडले नाही. दुसऱ्या कागदावर होतं, 'खालून तिसरी ओळ. डावीकडून चार घरं सोड, मग दोन भर.' डावीकडून, खालून, सोडून, पर्यंत, सोबत, फक्त: एरवी पाठ करायला नकोसे वाटणारे हे शब्द त्याला आता मोर वाचवायला लागत होते.

निबंधाचं काय, असं तुम्ही विचाराल. शाळांतून 'मी नंदीध्वज बोलतोय' असली आत्मवृत्तं लिहून घेतात आणि सगळ्या मुलांचे नंदीध्वज एकाच आवाजात बोलतात. मला तो प्रकार मनापासून नावडतो. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत सातही नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते तोलून धरतात, गावातल्या 68 लिंगांना फेरी होते. आम्ही गर्दीत उभे होतो. मी मुलाला एवढंच विचारलं, "काठीच्या टोकाला डोळे असते तर वरून काय दिसलं असतं?" तो खांद्यावरून उतरायला तयार होईना. बोलत सुटला. लोकांच्या डोक्यावरचे फेटे गोल गोल दिसतात. गच्चीवरच्या टाक्यांना झाकणं नाहीत. एक आजी नमस्कार करतेय, पण तिचं लक्ष खालच्या चपलांकडं आहे. ते सगळं मी परतताना फोनमध्ये ध्वनिमुद्रित केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःचाच आवाज ऐकत, थांबवत, लिहून काढलं. दीड पान. आधीचं त्याचं सगळ्यात लांब लिखाण सहा ओळींचं होतं. ते गेलं त्याच्या मावशीला, कारण तिला यंदा गड्ड्याला येता आलं नव्हतं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं पत्र हाही एक दिवस छान गेला. ते 1910 साली सोलापुरात जन्मले, 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 साली तिथंच वारले. मुलांना विचारलं, तिथून त्यांनी घरी पोस्टकार्ड धाडलं असतं तर सोलापूरचं काय विचारलं असतं? पोस्टकार्डाची मला आवडणारी गोष्ट म्हणजे जागा थोडी. मोकळं पान बघून जे मूल घाबरतं, ते पोस्टकार्डाला घाबरत नाही. धाकट्यानं लिहिलं, 'इथे खूप थंडी आहे. तिकडे उन्हाळा लागला का? थोडा पाठवा.'

रोजनिशी मात्र आमच्याकडं अजिबात चालली नाही. तिला गिऱ्हाईकच नव्हतं. बक्षिसं लावली तेव्हा चॉकलेट मिळेपर्यंत लिहिलं गेलं, पुढं नाही.

आणि एक छोटी वही नेहमी पिशवीत असते, ऐकलेल्या शब्दांची. पाण्याला गल्लीत कोण काय म्हणतं? आम्ही पाणी, ताता नीळ्ळु, कानडी काकू नीरु, कोपऱ्यावरचे चाचा पानी. ती वही कधी भरते, कधी महिनाभर कोरी राहते. मी विचारत नाही.

एक गोष्ट जपून सांगते. पोट दुखणं, हात दुखणं, अक्षरं उलटी पडणं, वाचतानाही शब्द निसटणं, असं बरेच महिने दिसलं तर खेळांवर विसंबू नका, जाणकाराला दाखवा. लिहिण्याची अडचण खरी असू शकते, तिच्यावर मदत आहे, आणि परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक अशा सवलतीही मिळू शकतात. घरी शिकणाऱ्या मुलांना पुढं मुक्त विद्यालयातून दहावी देता येते, तिथं तासन्‌तास लिहावं लागतंच. शुद्धलेखन आम्हीही करतो. पण ते वेगळ्या वेळी, दुसऱ्या कुणाच्या तरी वाक्यांवर करतो. त्याच्या शेळीवर पुन्हा कधी केलं नाही.

ताई, फोन ठेवल्यावर तुमच्या मुलीबद्दल मी त्याला सांगितलं. तो आता 10 वर्षांचा आहे. त्यानं एक पोस्टकार्ड लिहून ठेवलंय, पत्ता तेवढा कळवा. त्यावर असं आहे: 'आमच्या गच्चीवरून सात टाक्या दिसतात आणि एक पतंग अडकलेला. तुमच्या गच्चीवरून काय दिसतं? लिहायचा कंटाळा आला तर आईला सांग, ती लिहील. माझी लिहायची.'