लेस्टरच्या घरातली ओल

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी आमच्या इंग्लंडमधल्या लेस्टरच्या घरातल्या भाडेकरूबाईंचा मेसेज आला. सोबत फोटो होता. मागच्या बेडरूममध्ये कपाटामागच्या कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांचा वीतभर पट्टा. बुरशी. खाली एवढंच: "पुसते, पण परत येते. मुलगा याच खोलीत झोपतो."

मी पाठवलेलं उत्तर मला अजून सलतं. "रोज थोडा वेळ खिडक्या उघडत जा, ओले कपडे रेडिएटरवर वाळत घालू नका." इथले किती तरी घरमालक हेच सांगतात, आणि त्यात तथ्य नसतं असंही नाही. थंडीत बंद घरातली आंघोळीची, स्वयंपाकाची, श्वासाची वाफ सगळ्यात गार भिंतीवर जाऊन तिचं पाणी होतं. पण तीच भिंत इतकी गार का, हे शोधणं माझं काम होतं. ते मी त्यांच्या खिडकीवर ढकललं.

लेस्टरमधलं हे घर शंभरहून जास्त वर्षांचं, रांगेतलं, विटांचं. त्या काळातल्या भिंती भरीव असतात, मध्ये हवेची पोकळी नसते, त्यामुळे बाहेरची थंडी आणि ओल थेट आत येते. आम्ही तिथे सहा वर्षं राहिलो. नोकरीमुळे लीड्सला यावं लागलं तेव्हा घर विकवेना, म्हणून बँकेची परवानगी घेऊन भाड्यानं दिलं.

आठवडाभरानं मी बघायला गेले. पाहणीसाठी यायचं तर किमान चोवीस तास आधी लेखी कळवावं लागतं. ज्या दाराची किल्ली सहा वर्षं माझ्या पर्समध्ये होती, तिथे बेल वाजवून उभी राहिले. त्यांनी चहा विचारला. परसात जाऊन वर पाहिलं, तर छताची पन्हळ पानांनी तुंबलेली आणि पावसाचं पाणी नेमकं त्या कोपऱ्यावरून खाली ओघळत होतं. बाथरूमचा पंखा नुसता आवाज करत होता, वाफ ओढतच नव्हता. आम्ही राहत होतो तेव्हाही तो तसाच होता, हे मला तिथे उभं असताना आठवलं. मी त्यांची माफी मागितली. पन्हळ अर्ध्या दिवसात साफ झाली, पंखाही बदलला, पण भिंत पूर्ण सुकायला पुढचा उन्हाळा उजाडला.

या देशात बुरशीचा विषय आता कोणी हलक्यात घेऊ नये. डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेलला अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे झालेल्या श्वसनविकारानं गेला. त्याच्या आईवडिलांनी पुन्हा पुन्हा तक्रार केली होती. अशा तक्रारी ठरावीक मुदतीत सोडवायला लावणारा त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून कौन्सिल (नगरपालिका) आणि गृहसंस्थांच्या भाड्याच्या घरांना लागू झाला, आणि पुढे तो खासगी घरमालकांनाही लावायची तरतूद झाली आहे. ही बातमी मी आधी वाचलेली होती. तरीही ते उत्तर पाठवलं.

घर भाड्यानं देताना मला सगळ्यात जड गेलं ते कागद तपासणं. भाडेकरूला इथे राहण्याचा हक्क आहे की नाही, हे २०१६ पासून इंग्लंडमधल्या घरमालकाला पाहावं लागतं, आणि तेही सर्वांचं सारखंच, नाव किंवा चेहरा बघून नाही. बाईंनी शेअर कोड (हा हक्क ऑनलाइन तपासायचा सरकारी क्रमांक) आणि जन्मतारीख दिली, मी सरकारी संकेतस्थळावर टाकली, फोटो जुळला. दोन मिनिटांचं काम. पण आम्ही नवीन आलो तेव्हा 'इथला जुना पत्ता नाही' म्हणून दोन घरं हातची गेली होती. टेबलाच्या या बाजूला बसल्यावर ते आठवलं.

आपल्याकडचा अकरा महिन्यांचा करार डोक्यात असेल, तर इथलं चित्र वेगळं आहे. डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं. आमचं भाडं महिना ९०० पौंड, म्हणजे १,०३८ पौंड. तेही अधिकृत योजनेत तीस दिवसांत नोंदवायचं, नाहीतर तिप्पट रकमेपर्यंत दंड. गॅसची तपासणी दरवर्षी, विजेची दर पाच वर्षांनी. १ मे २०२६ पासून कारण न देता घर रिकामं करायला लावणारं १९८८ च्या कायद्यातलं कलम २१ रद्द. घर विकायचं असेल तर चार महिन्यांची नोटीस, आणि भाडेकरूचं पहिलं वर्ष संपेपर्यंत या कारणानं घर रिकामं करून घेता येत नाही. घरमालकांच्या बैठकांत याबद्दल बरीच कुरकुर ऐकते. मला हा कायदा योग्य वाटतो. बाईंचा मुलगा तिथल्या शाळेत रुळलाय.

आता पैशांचं, कारण घरून फोन आला की हाच प्रश्न असतो. वर्षाचं भाडं १०,८०० पौंड. कर्जाचं व्याज ५,४००. विमा, तपासण्या, दुरुस्ती मिळून साधारण २,०००. हातात राहतात ३,४००. पण २०२० पासून व्याज खर्च म्हणून वजा करता येत नाही, त्यावर फक्त २० टक्क्यांची सूट मिळते. मी आयकराच्या ४० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, म्हणजे व्याज न वजा करता उरलेल्या ८,८०० वर ३,५२० कर, त्यातून १,०८० सूट, भरायचे २,४४०. उरले ९६०. महिन्याला ८० पौंड. घर एक महिना रिकामं राहिलं तर त्या ९६० मधले निम्म्याहून जास्त गेले, वर त्या काळातला कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, आपल्याच खिशातून. घराची किंमत वाढेल म्हणतात, पण ती विकल्याशिवाय हातात येत नाही. भाड्याच्या जिवावर नोकरी सोडायचं स्वप्न पाहून इथे घर घेणाऱ्या भाचरांना मी हा हिशोब आधी लिहून पाठवते.

विकावं का, हा विषय आमच्या घरात दर मार्चमध्ये निघतो आणि तसाच राहतो. यंदा तिथला घर गरम ठेवणारा गॅसचा बॉयलर पंधरा वर्षांचा झाला. त्यातल्या पाण्याचा दाब दर आठवड्याला एक बारच्या खाली जातोय, असं बाईंनी कळवलंय. या वेळी मी त्यांना काही करायला सांगितलं नाही. गुरुवारी सकाळी नऊ वाजता गॅसचा माणूस येणार आहे. त्यांना वेळ सोयीची आहे का, ते आधी विचारून घेतलं.