चाळीस खुर्च्या आणि एक सतरंजी

नागपुरात कार्यक्रमाची प्रतिष्ठा खुर्च्यांवर ठरते. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह दोन हजारांच्या घरातलं. सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृह त्याहून लहान, पण मानानं वडीलधारं. ही दोन्ही मिळाली नाहीत तर एखादं लॉन. दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न 'पब्लिक किती होती?' हाच असतो. काय वाजवलं, कसं वाजवलं हा विषय चहा संपता संपता निघाला तर निघतो. त्यामुळे धरमपेठेतल्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर जॅझ आहे आणि खुर्च्या चाळीसच आहेत, असं मी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चाळीस? आपल्याकडे बारशाला याहून जास्त येतात न बे."

आले मात्र. स्वेटर, मफलर, कानटोपी अशा पूर्ण तयारीनिशी आले, कारण डिसेंबरातल्या गच्चीशेजारच्या खोलीवर त्यांचा विश्वास नव्हता.

लहान जागेत व्यासपीठ नसतं, हा तिचा मला सर्वांत आवडणारा गुण. व्यासपीठ नाही म्हणजे दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही आणि 'मी आपला फार वेळ घेणार नाही' म्हणून अर्धा तास खाणारे प्रमुख पाहुणेही नाहीत. वाजवणारे आपल्यातूनच उठतात, कॉफीचा कप खाली ठेवतात आणि सुरू करतात. इथे तिघंच होते: टेनर सॅक्सोफोन, डबल बास आणि ड्रम. बासवाला पुण्याहून आपली गाडी काढून समृद्धीनं आला होता, सगळ्या सीट पाडून. माणसाच्या उंचीपेक्षा मोठं ते लाकडी धूड रेल्वेच्या बर्थवर झोपवायचं कसं, हा प्रश्न त्याला एकदा पडला होता म्हणे, तेव्हापासून तो गाडीनंच फिरतो.

ड्रमवाल्यानं आल्या आल्या सतरंजी मागितली. मालकानं आणून भिंतीलगत अंथरली आणि "बसा" म्हणाला. त्याला बसायचं नव्हतं. कॅफेची फरशी गुळगुळीत टाइलची. पायानं वाजवायचा मोठा ड्रम अशा फरशीवर प्रत्येक ठोक्याला बोटभर पुढे सरकतो आणि तासाभरात वाजवणाऱ्याला त्याच्या मागे मागे खुर्ची ओढत जावं लागतं. म्हणून ड्रमखाली गालिचा किंवा सतरंजी लागतेच. मोठ्या सभागृहात ही व्यवस्था पडदा उघडायच्या आधीच झालेली असते, आपल्याला कळतही नाही. इथे ती निळ्या-लाल पट्ट्यांची सतरंजी आमच्या पायांपर्यंत आली होती आणि तिचं एक टोक काकांच्या बुटाखाली होतं.

एवढ्या जवळ बसण्याचं खरं कारण बास. फोनवर जॅझ ऐकणारे बास ऐकतच नाहीत, असं माझं ठाम मत आहे. डबल बासची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात. फोनचा नखाएवढा स्पीकर तिथपर्यंत खाली उतरूच शकत नाही. त्यातून वरचे उपस्वर तेवढे बाहेर पडतात आणि खालचा मूळ स्वर कान आपला अंदाजानं लावून घेतो. त्यातही तिघांत पियानो नसला की रचनेचा सगळा नकाशा बासच्याच हातात. कुठून निघालो, कुठे वळतोय, हे तो प्रत्येक ठोक्याला एकेक स्वर टाकत सांगत असतो. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सनं 1957 साली न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅन्गार्ड या जॅझ क्लबमध्ये असंच नुसतं बास आणि ड्रमसोबत वाजवलं, त्याचं ध्वनिमुद्रण आजही आवडीनं ऐकलं जातं. पण बास छातीत कसा वाजतो, ते धरमपेठेत कळलं. खुर्चीच्या लोखंडी पायातून वर येतो तो.

काकांचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे. तरुणपणी त्यांनी नागपूरच्याच महाल भागात तबला शिकायला सुरुवात केली होती. हात बसला नाही, हिशेब मात्र पक्का बसला. सॅक्सोफोनवाल्यानं चाल वाजवली: आठ बारचा एक तुकडा, तोच पुन्हा, मग वेगळा आठचा, मग परत पहिला. बार म्हणजे ठोक्यांचा एक गट. एकूण बत्तीस बार आणि बारमागे चार ठोके. काकांचा हात मांडीवर पडायला लागला. टाळी, टाळी, नवव्या मात्रेवर तळवा वर करून खाली, पुन्हा टाळी. दुसऱ्या फेरीला ते माझ्याकडे वाकले. "तीनतालाची आठ आवर्तनं झाली की चाल परत येऊन राहिली."

बरोबरच होतं. बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस, भागिले तीनतालाच्या सोळा मात्रा, आठ. पुढे एक ब्लूज झाला, त्याचे बारा बार म्हणजे अठ्ठेचाळीस ठोके, तीन आवर्तनं. तेही त्यांनी पकडलं. नडला तो ड्रमवाल्याचा डावा पाय. झांजांची ती जोडी तो दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर मिटत होता, काकांची टाळी पहिल्यावर. "हा उलटं वाजवून राहिला," ते कुरकुरले. शिवाय एका ठोक्याचे दोन भाग हे लोक सारखे पाडतच नाहीत. पहिला लांबवायचा, दुसरा आखडायचा. त्या लंगडीतच सगळी गंमत असते. मांडीवर सरळ मात्रा मोजणाऱ्याला ती लंगडी सुरुवातीला पायात पाय घालते. पण काका हटले नाहीत. अर्ध्या तासानं त्यांचा हात पहिल्यावर आणि मान दुसऱ्या-चौथ्यावर, अशी वाटणी झाली होती.

मोजदादीपलीकडे पाहण्यासारखं होतं ते तिघांचं आपसातलं बोलणं, तेही तोंड न उघडता. सॅक्सोफोनवाला एकल वादन संपवत आला की बासवाल्याकडे नुसती भुवई उचलायचा. एकदा त्यानं वाजवता वाजवताच एक हात सोडून स्वतःच्या डोक्यावर टपली मारली. काकांना वाटलं मच्छर. ती खूण होती: आता मूळ चालीवर परत चला. ड्रमवाल्यानं हातातल्या काड्या मांडीवर टाकल्या, तारेचे झाडू उचलले आणि ड्रमच्या कातड्यावर गोल गोल घासायला लागला. तो आवाज ऐकायला पाचवी रांगसुद्धा लांब पडली असती. सुदैवानं पाचवी रांग नव्हतीच.

टाळ्यांचा मात्र घोळ आहे. जॅझमध्ये प्रत्येकाचं एकल वादन संपलं की टाळ्या वाजवायची रीत आहे आणि रचना तर थांबलेली नसते. पुढच्याचे पहिले दोन-चार बार त्या टाळ्यांखाली चिरडले जातात, आणि पुढचा बहुधा बिचारा बासवाला असतो. आपली बैठकीतली दाद मला इथे जास्त शहाणी वाटते. काकांनी एका वळणावर अगदी मोक्याच्या जागी "वा!" म्हटलं. सॅक्सोफोनवाल्यानं डोळे उघडले आणि तीच जागा जराशी फिरवून पुन्हा घेतली, खास काकांसाठी. एका अक्षराची दाद, कुणाचा एक ठोकासुद्धा न खाता. कॅफेतली पोरंटोरं आधी वळून बघत होती, मग हळूहळू तीही "वा, वा" करायला लागली. त्यातले काही वा जरा भलत्याच ठिकाणी पडले, पण चालायचंच.

बासचं एकल वादन सुरू झालं की लोक बोलायला लागतात, हा जॅझवाल्यांमधला जुना विनोद आहे. आमच्याकडे लोक गप्प राहिले, तर कॉफीचं यंत्र बोललं. दूध फेसाळण्याचा तो फुस्स आवाज नेमका त्याच्या सर्वांत हळव्या जागी. मालकानं काउंटरमागच्या मुलाकडे असं काही पाहिलं, की त्या मुलाची दया यावी. मला मात्र व्हॅन्गार्डचंच दुसरं एक ध्वनिमुद्रण आठवलं. 25 जून 1961, रविवार. बिल इव्हान्स पियानोवर, स्कॉट लाफारो बासवर, पॉल मोशन ड्रमवर. त्यात ग्लासांची किणकिण ऐकू येते, कुणी हसतं, कुणी बोलत राहतं. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला, अवघ्या पंचविशीत. त्या टेबलावरच्या माणसांना तेव्हा ते कुठून माहीत असणार? व्हॅन्गार्ड हे एक तळघर आहे, 1935 साली मॅक्स गॉर्डन यांनी काढलेलं. सुरुवातीला तिथे कविता आणि लोकगीतं चालत, पुढे जॅझ आलं. जागा 123. म्हणजे सुरेश भट सभागृहाच्या एका कोपऱ्यात मावेल एवढं.

त्याच 1935 साली अमेरिकन जॅझवादक लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. अशा हॉटेलांतून गोव्याचे वादक तयार झाले, आणि तिथून ते सिनेमाच्या स्टुडिओंमध्ये गेले. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यांच्यातलाच, सी. रामचंद्रांसोबत त्यानं बरंच काम केलं. 1951 च्या 'अलबेला'त जो झुलता ठेका ऐकू येतो, त्यात ही सगळी वरात आहे. आणि सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, लहानपणी नागपुरातच शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकलेले. सप्रे यांचेच दुसरे शिष्य वसंतराव देशपांडे, ज्यांच्या नावाचं ते सिव्हिल लाइन्सचं सभागृह. मध्यंतरात मी हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे हे सगळं आपल्या इथूनच गेलं." एवढं मी म्हटलं नव्हतं. पण नागपूरकराला एकदा झिरो माइल दिसला की त्याला थांबवणं अवघड.

पैशाचं गणित मात्र बसत नाही. चारशे रुपये तिकीट, चाळीस खुर्च्या, म्हणजे सोळा हजार. त्यात तिघांचं येणं-जाणं, राहणं, ध्वनिव्यवस्था, पेट्रोल, समृद्धीचा टोल. उरतं ते तिघांत वाटायचं. देशभरातले रेल्वेमार्ग इथे एकमेकांना छेदतात, पण वाजवणारे बहुतेक पुढे निघून जातात ते यामुळेच. मालक म्हणाला, कॉफी आणि सँडविचवर थोडं निघतं. काकांनी घरून डब्यात संत्रा बर्फी आणली होती. मी मालकाची नजर चुकवायला बघत होतो, तेवढ्यात त्यांनी बर्फी त्यालाच देऊ केली.

शेवटच्या रचनेत 'चार-चार'चा खेळ झाला. चार बार सॅक्सोफोन, चार बार एकटा ड्रम, परत सॅक्सोफोन. चार बार म्हणजे सोळा मात्रा, काकांचं घरचं अंगण. तबल्याच्या एकल वादनाला लेहरा असतो, हार्मोनियम आवर्तन धरून बसते. इथे ड्रमची पाळी आली की बाकीचे दोघं चक्क थांबतात. हिशेब ज्याच्या त्याच्या डोक्यात. ड्रमवाल्यानं एकदा असा काही तुकडा टाकला, की सम कुठे गेली ते मला कळेना. सॅक्सोफोन आला, बास जरा घुटमळला, मग दोघं हसले आणि गाडी पुढे गेली. काकांचा हात तेवढा हवेत थांबलेला होता.

सामान आवरताना ते थेट ड्रमवाल्यापाशी गेले. त्याला मराठी यायचं नाही, म्हणून आमच्या नागपुरी हिंदीत.

"वो आखरी में आपकी एक मात्रा ज्यादा हो गयी ना बावा?"

तो झांज पुसता पुसता थांबला. "अंकल, आप गिन रहे थे?"

"गिनेंगे नहीं तो क्या. चारसौ रुपये दिये है ना."

बासवाला एवढा हसला की त्याला त्याचं धूड भिंतीला टेकवून ठेवावं लागलं. मग ड्रमवाल्यानं दोन काड्या काढल्या, काकांना समोर बसवलं आणि तो तुकडा खुर्चीच्या पाठीवर सावकाश पुन्हा वाजवून दाखवला. काका टाळी देत होते. मात्रा याही वेळी सतराच झाल्या.