साहेबांकडे सुट्टे आहेत का?

पोलंडमध्ये लिफ्टमध्ये शिरलं की आत जो कोणी असेल त्याला 'जेन् दोब्री', म्हणजे नमस्कार, म्हणायचं आणि आपला मजला आला की 'दो विद्झेन्या', म्हणजे पुन्हा भेटू, म्हणून बाहेर पडायचं. डॉक्टरच्या खोलीबाहेर ताटकळत बसलेल्या मंडळींनाही तेच. समोरून उत्तर नक्की येतं, हसू येईलच असं नाही. रस्त्यावर मात्र हा प्रयोग करू नका. ओळखदेख नसलेल्या माणसाला भररस्त्यात 'जेन् दोब्री' केलंत, तर तो बिचारा पुढच्या चौकापर्यंत हा कोण ते आठवत राहील.

पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात मी नोकरीसाठी आलो आणि इथेच रमलो. आपली नव्याने आलेली मंडळी पहिल्या हिवाळ्यात हमखास कुरकुरतात, "इथली माणसं फार तुसडी." मला हे कधीच पटलं नाही. पोलिश माणूस आपुलकी चेहऱ्यावर मिरवत नाही. ती त्याच्या व्याकरणात असते आणि त्याच्या ताटात असते.

व्याकरणातली आधी सांगतो. अनोळखी किंवा थोडक्या ओळखीच्या माणसाला इथे 'तू' म्हणत नाहीत, आणि आपल्या 'तुम्ही'सारखंही काही म्हणत नाहीत. पुरुषाला 'पान', बाईला 'पानी', आणि क्रियापद तृतीयपुरुषी. म्हणजे दुकानातल्या गल्ल्यावरची बाई माझ्याकडे बघत मलाच विचारते, "साहेबांकडे सुट्टे आहेत का?" इंग्रजीतून पोलिश शिकणाऱ्यांची इथे त्रेधा उडते. आपल्याला त्याचं काय! साहेबांच्या तोंडावर "साहेब जेवले का?" विचारत आलेली माणसं आपण. 'पान'वरून एकेरीवर येणं हा तर छोटा समारंभच असतो. वयाने मोठ्या माणसाने किंवा बाईने आधी तसं सुचवायचं, मग दोघांनी हात मिळवून आपापलं नाव सांगायचं. ते नाव दोघांनाही वर्षभर माहीत असलं तरी सांगायचं.

सुट्ट्या पैशांवरून आठवलं. एका झ्वोतीचे शंभर ग्रोश. किमती नव्व्याण्णवात संपणार आणि एक ग्रोशचं नाणं गल्ल्यात नसणार, हे ठरलेलंच. मग ती बाई अगदी गंभीरपणे विचारते, "मोगे बिच् विन्ना ग्रोशिका?" म्हणजे, साहेबांचा एक ग्रोश माझ्याकडे उधार राहिला तर चालेल का? आपण 'ओचिविश्च्ये', अर्थात, म्हणायचं. माझ्या हिशेबाने निम्म्या व्रोत्स्वाफकडे माझी उधारी आहे.

त्या वाक्यात ग्रोशचा 'ग्रोशिक' झाला, हेही बघा. पोलिश माणूस ज्या वस्तूला हात लावेल ती लहान करतो. कावा म्हणजे कॉफी, तिची काव्का, फारच लाडात आला तर कावुशा. चहा हेर्बाता, त्याची हेर्बात्का. पावाचा ख्लेबेक. दुकानात पावती द्यायची की नको हेही "पारागोनिक?" असं विचारतात. चेहरा एखाद्या कडक मुख्याध्यापिकेचा आणि तोंडी 'इवलीशी पावती हवी का?' हे एकत्र ऐकायची सवय व्हायला वेळ लागतो. एकदा झाली की मग सरकारी कचेरीतली बाई "ह्विलेच्का" म्हणाली तरी आपण निवांत बसतो, जरी तो इवलासा क्षण अर्ध्या तासाचा असला तरी.

सात विभक्त्या आहेत म्हणून लोक या भाषेला घाबरतात. आपण शाळेत प्रथमा ते संबोधन घोकलेलं असतं आणि 'घोडा–घोड्याला' तर रोजच चालतं, त्यामुळे नावाचं रूप बदलतं याचा धक्का आपल्याला बसत नाही. शहर व्रोत्स्वाफ, पण शहरात 'वे व्रोत्स्वाव्यू'. नाव अमित असेल तर शेजारी "पान्ये अमिच्ये!" अशी हाक मारणार. खरी मेख संख्यांत आहे. एक बिअर 'पिवो'; दोन, तीन, चार असल्या तर 'पिवा'; पाचापासून पुढे 'पिव्ह'. बारालाही 'पिव्ह', पण बावीसला पुन्हा 'पिवा'. हे नियम ज्याने केले त्याने ते पाचव्या बिअरनंतर केले असावेत असं माझं मत आहे.

आणि फोनवर 'नो' ऐकलंत तर हिरमुसू नका. पोलिशमध्ये 'नो' म्हणजे 'हं, हो ना'. ट्रॅममध्ये शेजारचा माणूस दहा मिनिटं "नो… नो… नो, नो" करत असतो, तेव्हा तो पलीकडच्याचं सगळं मान्य करत असतो. "काय चाललंय?" या प्रश्नाला 'मजेत' हे उत्तरही फारसं ऐकू येत नाही. "स्तारा ब्येदा" म्हणतात: जुनीच गरिबी. इथे सुखाचा गाजावाजा करणाऱ्याकडे जरा संशयाने बघतात, आणि तब्येतीची, हवेची, सरकारची तक्रार केली की गप्पा लगेच रंगतात.

आता ताटाकडे येऊ. त्यासाठी या गावाचा थोडा इतिहास लागतो. व्रोत्स्वाफ १९४५ पर्यंत जर्मन शहर होतं, नाव ब्रेसलाऊ. युद्धानंतर सीमा पश्चिमेला सरकल्या, जर्मनांना जावं लागलं आणि इथे पोलिश लोक येऊन वसले. त्यातले पुष्कळ पूर्वेकडून, आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्वूफ आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून. मुख्य चौकात नाटककार अलेक्सांदेर फ्रेद्रोचा पुतळा आहे, तो पुतळा मूळचा ल्वूफमधला. रात्स्वावित्सेच्या लढाईचं ११४ मीटर लांबीचं वर्तुळाकार चित्र, 'पानोरामा', तेही तिथूनच आलेलं. ते इथे लोकांसाठी उघडायला १९८५ साल उजाडलं. म्हणजे मी ज्या गावात 'बाहेरचा' आहे, तिथल्या बऱ्याच घरांतले आजी-आजोबाही बाहेरूनच आलेले. "आमचं मूळ गाव वेगळं" असं कुणी म्हणालं की मला ते वाक्य घरचंच वाटतं.

ओद्रा नदीजवळच्या हाला तार्गोवा या १९०८ सालच्या मंडईत एक चक्कर मारली की बरंच कळतं. बाहेरून लाल विटांची, आत काँक्रीटच्या उंच कमानी. खाली मधाच्या बरण्या, दोऱ्यात ओवलेली सुकी रानटी अळंबी, पिंपात आंबवलेली कोबी आणि काकड्या. काकड्यांचे दोन प्रकार: नुकत्या मुरू लागलेल्या, कुरकुरीत, आणि पक्क्या आंबट. चव घेऊन मगच सांगा. आणि जिकडेतिकडे शेपू! आपल्याकडे ज्या भाजीवरून घरात दोन तट पडतात, ती इथे काकडीत, सूपमध्ये, सगळीकडे. उन्हाळ्यात कोवळे उकडलेले बटाटे, वर लोणी आणि भरपूर चिरलेला शेपू, सोबत पेलाभर आंबट ताक किंवा केफिर, हे इथलं दुपारचं पूर्ण जेवण. त्यावर मी आठवडेच्या आठवडे काढू शकतो.

आंबट हीच इथली मुख्य चव. झुरेक नावाचं सूप घ्या. राय या धान्याचं पीठ पाण्यात कालवून, लसूण आणि तमालपत्र घालून, काही दिवस आंबवतात आणि त्या आंबवणीचं सूप करतात. पहिला घोट घेतला तेव्हा मला सरळ नाचणीची आंबील आठवली. फरक एवढाच की यात पांढरं सॉसेज आणि अर्धं उकडलेलं अंडं तरंगत असतं. शाकाहारी मंडळींनी सावध राहावं. 'मांसाशिवाय' मागितलं तर वरचं सॉसेज काढून देणारे आहेत, आणि कोंबडीला मांसात न धरणारे बुजुर्गही आहेत.

शाकाहाऱ्यांसाठी खरा आसरा 'बार म्लेचनी', म्हणजे दुधाचं उपाहारगृह. दूध, पीठ, अंडी, बटाटे यांचे स्वस्त पदार्थ देण्यासाठी निघालेली ही खानावळ, आणि तशा पदार्थांवर अजून सरकारी अनुदान मिळतं. भिंतीवर पाटी, त्यावर पदार्थांची लांबलचक यादी. काउंटरवर पैसे भरायचे, चिठ्ठी खिडकीत द्यायची आणि कान टवकारून उभं राहायचं. आतून आरोळी येते, "रुस्क्ये!" म्हणजे पिएरोगी रुस्क्ये तयार: बटाटा, 'त्वारुग' नावाचं पनीरसारखं चीज आणि परतलेला कांदा यांचं सारण, मैद्याच्या पारीत भरून उकडलेलं. 'रुस्क्ये'चा रशियाशी संबंध नाही, तो जुन्या रुथेनिया प्रांताशी, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनशी. तरी २०२२ नंतर काही ठिकाणी पाटी बदलून 'युक्रेनी पिएरोगी' केली गेली. जेवण झालं की ताट स्वतः दुसऱ्या खिडकीत नेऊन ठेवायचं. टेबलावर तुमच्यासमोर एखादे विद्यार्थी, एखादे निवृत्त आजोबा. बसताना "स्माच्नेगो", म्हणजे चवीने जेवा, म्हणायचं, पुढे कुणी कुणाशी बोलत नाही आणि कुणालाच त्याचं वाईट वाटत नाही.

पिएरोगी करायला मला शिकवलं ते खालच्या मजल्यावरच्या आजींनी. मैद्यात गरम पाणी आणि थोडं तेल. गरमच, गार पाण्याने पीठ रुसतं म्हणे. लाटून झालं की काचेच्या पेल्याने गोल कापायचे. सारण बोटाने दाबून भरायचं आणि कड दोनदा चिमटायची, कारण उकळत्या पाण्यात एक जरी फुटला तरी आजी "ओय" म्हणतात आणि ते 'ओय' बराच वेळ घरात रेंगाळतं. पाण्यावर तरंगू लागले की मिनिट-दोन मिनिटांत काढायचे.

त्यांच्याकडे जाताना पाळायच्या गोष्टी मी हळूहळू शिकलो. उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही, अपशकुन. बूट दारात काढायचे. पाहुण्यांसाठी सपाता ठेवलेल्या असतात. फुलं न्यायची ती विषम संख्येत, आणि शेवंती चुकूनही नाही. शेवंती इथे कबरीवर वाहतात. १ नोव्हेंबरला अख्खा देश कुंड्या आणि मेणबत्त्या घेऊन स्मशानात लोटतो, त्या दिवशी तिकडे जादा ट्रॅम आणि बसगाड्या सोडतात.

मी कोल्हापूरकडचा. हे सांगितल्यावर बहुतेकांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, पण काही वयस्कर मंडळी एकदम सरसावून बसतात. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले होते. वॉर्सात, इटलीतल्या माँते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ, त्या छावणीचंही स्मारक आहे. 'कोल्हापूर' हे नाव पोलंडच्या राजधानीत दगडावर कोरलेलं बघून मी तिथे चांगला अर्धा तास घुटमळलो, फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. लगेच आत्याचा प्रश्न आला, "तिथे मिसळ मिळते का?"

आजींकडे मी विगिल्यालाही जातो, म्हणजे २४ डिसेंबरच्या संध्याकाळच्या जेवणाला. पहिली चांदणी दिसल्यावर बसायचं. टेबलक्लॉथखाली थोडं गवत, बारा पदार्थ, मासा चालतो पण मांस नाही. एक ताट जास्तीचं मांडतात, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. बिटाचं लालभडक सूप 'बार्श्च', त्यात अळंबी भरलेले कानाच्या आकाराचे चिमुकले 'ऊश्का', कोबी-वाटाणा, आणि कार्प मासा. पूर्वी हा मासा जिवंत आणून जेवणाच्या दिवसापर्यंत घरच्या बाथटबमध्ये ठेवत. आजी सांगतात, त्या दिवसांत आंघोळीला सुट्टी आणि पोरांची मजा. कुणीतरी माशाचं नाव ठेवून बसायचं आणि मग त्याला कापायला कुणी तयार व्हायचं नाही. अजूनही त्याचा एक खवला लोक पाकिटात जपून ठेवतात, वर्षभर पैसा टिकावा म्हणून. प्यायला सुक्या, धुरावलेल्या आलुबुखारांचं कोम्पोत. ते मला अजूनही झेपलेलं नाही.

पण जेवणाआधी 'ओप्वातेक'. कागदासारखी पातळ, पांढरी वडी प्रत्येकाच्या हातात. प्रत्येकाने प्रत्येकाकडे जायचं, त्याच्या वडीचा तुकडा मोडून खायचा, आपला त्याला मोडू द्यायचा आणि तोंडाने शुभेच्छा द्यायच्या. सगळ्यांना एकच वाक्य चालत नाही. तिच्या गुडघ्याला आराम पडो, याची परीक्षा सुटो, त्यांची गाडी सुरू होवो, असं नेमकं बोलावं लागतं, आणि प्रत्येक गोष्ट षष्ठीत, कारण 'इच्छितो' या क्रियापदाला इथे षष्ठी लागते. मराठी माणूस शिव्या सफाईने देतो, पण समोरासमोर उभं राहून सदिच्छा द्यायच्या म्हटलं की त्याचे कान लाल होतात. आजींचा जावई, वर्षभर माझ्याशी चार शब्द न बोललेला गृहस्थ, वडी मोडत म्हणाला, "साहेबांच्या आईला साहेबांची फार आठवण येऊ नये, आणि साहेबांना लवकर सुट्टी मिळावी." मला नीट उत्तर सुचलं नाही. मी "ज्द्रोव्या, श्चेंश्च्या, पोमिश्ल्नोश्ची" ही पाठ केलेली आरोग्य-सुख-भरभराट म्हणून टाकली, आणि तीही षष्ठीत बरोबर आली म्हणून आजींनी टाळ्या वाजवल्या.

यायचंच असेल तर माझं ऐका, 'त्वुस्ती च्वार्तेक'ला या, ईस्टरआधीच्या लेंट नावाच्या उपासकाळाच्या आधीच्या शेवटच्या गुरुवारी. त्या दिवशी गुलाबाच्या पाकळ्यांचा जॅम भरलेले तळलेले 'पोंच्की', म्हणजे एक प्रकारचे डोनट, खायचे असतात, आणि एकही खाल्ला नाही तर वर्ष वाईट जातं म्हणतात. चांगल्या बेकरीसमोर उजाडायच्या आधीपासून रांग असते. गोठवणाऱ्या थंडीत, कुणी हसत नसतं, कुणी रांग मोडत नसतं. शेवटी कोण उभं आहे ते विचारून मगच त्याच्या मागे उभे राहा, आणि ऑफिसातल्यांसाठी घेणार असाल तर आकडा आधीच ठरवून ठेवा. चारच्या पुढे गेलात तर षष्ठी लागते.