गो.मॉडमधली एक ओळ बदलली आणि आयएफएससीची टेस्ट लाल झाली

गो या प्रोग्रॅमिंग भाषेची १.२२ ही आवृत्ती घ्यायची की पुढच्या तिमाहीपर्यंत थांबायचं, यावरून आमच्या टीममध्ये चांगलीच जुंपली होती. एरवी गोच्या नव्या आवृत्तीची कुणी दखलही घेत नाही. २०१२ मध्ये गो १ आली तेव्हाच, जुना कोड पुढच्या आवृत्त्यांवरही चालेल असा शब्द भाषा बनवणाऱ्यांनी दिला होता आणि तो बऱ्यापैकी पाळलाही. दर फेब्रुवारी आणि ऑगस्टला आवृत्ती येते, आपण डॉकर इमेजचा (ज्या तयार साच्यात कोड बांधला जातो त्याचा) आकडा बदलतो, विषय संपतो. या वेळी मात्र लिहिलेल्या ओळी तशाच ठेवून त्यांचा अर्थ बदलणार होता.

बदल फॉर लूपमधल्या, म्हणजे तेच काम फेरीफेरीने करणाऱ्या कोडमधल्या, व्हेरिएबलचा. जुन्या नियमाने ते लूपच्या सुरुवातीला एकदाच तयार होतं आणि प्रत्येक फेरीत त्याच जागेत नवी किंमत भरली जाते. फेरीत त्याचा मेमरीतला पत्ता घेतला किंवा ते क्लोजरमध्ये (बाहेरचं व्हेरिएबल धरून ठेवणाऱ्या फंक्शनमध्ये) पकडलं आणि प्रत्यक्ष वापर नंतर झाला, तर सगळ्यांच्या हाती शेवटचीच किंमत लागते. नव्या नियमाने दर फेरीला वेगळं व्हेरिएबल. सी-शार्प या भाषेने २०१२ मध्ये हीच दुरुस्ती फक्त फॉरइच या लूपपुरती केली होती. गोने ती तीन भागांच्या (सुरुवात, अट, वाढ) साध्या फॉरलाही लावली. तिथे फेरीच्या शेवटी किंमत नव्या व्हेरिएबलमध्ये कॉपी होते आणि मग वाढते.

‘अनुभवी माणसाला हे माहीतच असतं, भाषा कशाला बदलायची’ हा आक्षेप आमच्याकडेही आलाच. त्याला उत्तर म्हणून वेबसाइटना मोफत सुरक्षा प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं २०२० मधलं प्रकरण पुरेसं आहे. लूप व्हेरिएबलच्या पत्त्याचीच चूक होती. एका प्रमाणपत्रात अनेक डोमेन असतील तर प्रत्येकाची फेरतपासणी व्हायच्या ऐवजी एकच डोमेन तितक्या वेळा तपासलं गेलं. तीस लाखांहून जास्त प्रमाणपत्रं त्यात सापडली. तो कोड लिहिणारे नवशिके नव्हते.

मला या बदलापेक्षा तो आणण्याची पद्धत जास्त आवडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर चर्चा सुरू झाली. ऑगस्ट २०२३ च्या १.२१ मध्ये नवा नियम एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने (बाहेरून दिलेल्या सेटिंगने) चालू करून बघता येत होता. फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ मध्ये तो पक्का झाला, पण ज्या मॉड्यूलच्या गो.मॉड फाइलमध्ये, म्हणजे गोची कुठली आवृत्ती हवी ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, १.२२ किंवा पुढचा आकडा लिहिलाय, फक्त त्यांनाच. कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं टूल) नवा असला तरी गो.मॉडमध्ये १.२१ असेल तर लूप जुन्याच नियमाने चालतो. त्यामुळे वाद ‘अख्खी कंपनी कधी जाणार’ यावर न होता ‘कुठला रेपो आधी’ यावर आला. पेमेंट सेवेचा रेपो, म्हणजे कोडचा साठा, आधी घ्यायचा ठरला.

आकडा बदलण्याआधी दोन गोष्टी केल्या. कंपायलरला ‘डी इक्वल्स लूपव्हार इक्वल्स टू’ हा जीसीफ्लॅग (कंपायलरचा एक पर्याय) दिला की कुठल्या ओळीवरचा लूप नव्या नियमाने बदलेल, आणि ते व्हेरिएबल स्टॅकवर (फंक्शन संपताच मोकळ्या होणाऱ्या मेमरीत) राहील की हीपवर (जास्त टिकणाऱ्या, महागड्या मेमरीत) जाईल, हे तो छापतो. यादी वाटली होती त्यापेक्षा बरीच छोटी निघाली, कारण जिथे पत्ता किंवा क्लोजर नाही तिथे काहीच बदलत नाही. दुसरं म्हणजे सीआय, कोड आपोआप बांधून तपासणारी यंत्रणा. गोच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये गोटूलचेन हे सेटिंग ‘लोकल’वर असतं, म्हणजे नवा कंपायलर आपोआप उतरत नाही, इमेज १.२१ ची राहिली तर बिल्ड तिथेच थांबतो. आणि गो.मॉडमध्ये नुसतं १.२२ न लिहिता १.२२.० लिहावं. लॅपटॉपवर १.२१ असलेल्या माणसाचं गो ‘१.२२’ नावाचा टूलचेन (कंपायलर वगैरेंचा संच) शोधायला जातं आणि तो मिळत नाही म्हणून कुरकुरतं, कारण त्या नावाने काही प्रसिद्धच झालेलं नाही.

मग ओळ बदलली. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, तपासणाऱ्या पॅकेजची टेस्ट लाल, म्हणजे नापास.

‘बघा, मोडलं’ असा सूर लगेच निघाला. शोधायला बायसेक्ट नावाचं टूल वापरलं. ते निम्मे लूप नव्या आणि निम्मे जुन्या नियमाने कंपाइल करत करत ज्या लूपमुळे निकाल बदलतो त्याची नेमकी ओळ दाखवतं. बोट थेट टेस्टच्या फाइलवर ठेवलं गेलं. नमुन्यांचा तक्ता, त्यावर लूप, आत टी.रन (प्रत्येक नमुन्याची उपटेस्ट चालवणारं), त्यात पहिलीच ओळ टी.पॅरलल (ही उपटेस्ट इतरांसोबत समांतर चालवा). टी.पॅरलल आलं की ती उपटेस्ट थांबते आणि बाहेरचं फंक्शन संपल्यावरच पुढे सरकते. तोवर जुन्या नियमाने टीसी हे लूपचं व्हेरिएबल तक्त्यातल्या शेवटच्या नमुन्यावर पोचलेलं असायचं. म्हणजे प्रत्येक उपटेस्ट शेवटचाच, अगदी बिनचूक आयएफएससी तपासत होती. फसवी गोष्ट अशी की टी.रनला दिलेलं नाव लूप चालू असतानाच वाचलं जातं. त्यामुळे लॉगमध्ये ‘पाचवं अक्षर ओ’, ‘दहाच अक्षरं’ अशी सगळी नावं ओळीने दिसायची, पुढे पास.

आता प्रत्येक नमुना खरोखर चालला आणि ‘पाचवं अक्षर ओ’ पडला. आयएफएससी अकरा अक्षरांचा: पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. आमच्या रेजेक्समध्ये (मजकुराची रचना तपासणाऱ्या सूत्रात) चार अक्षरांपुढे ‘सात अक्षरं किंवा आकडे’ एवढंच होतं. शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप केलेला कोड आमच्याकडून पास व्हायचा आणि बँकेकडून परत यायचा. रेजेक्समध्ये पाचव्या जागी शून्य घातला, टेस्ट हिरवी. मोडलं काहीच नव्हतं. टेस्ट पहिल्यांदाच चालली होती.

किंमत एके ठिकाणी मोजावी लागली. सेटलमेंटच्या फाइलमधली प्रत्येक नोंद मोठा स्ट्रक्ट (अनेक किमतींचा एकत्र गठ्ठा) आहे आणि लूपमध्ये त्याचा पत्ता इंटरफेस घेणाऱ्या फंक्शनला दिला होता. आधी संपूर्ण लूपला मिळून हीपवर एक जागा लागायची, आता दर नोंदीला एक. बेंचमार्कमध्ये (वेग आणि मेमरीच्या मोजणीत) ही जादा ॲलोकेशन, म्हणजे हीपवर घेतलेल्या जागा, लगेच दिसली. रेंजमधून फक्त इंडेक्स घेऊन स्लाइसमधल्या (यादीतल्या) घटकाचाच पत्ता दिला की ती जातात, स्ट्रक्टची कॉपीही वाचते. असं बाकी कुठे आढळलं नाही.

सामायिक लायब्ररी मात्र १.२१ वरच ठेवली, आणि इथे थांबा म्हणणाऱ्यांचं बरोबर होतं. १.२१ पासून गो.मॉडमधला आकडा ही नुसती सूचना राहिलेली नाही, किमान अट आहे. लायब्ररीने १.२२ लिहिलं की तिची ती आवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक सेवेला वर यावंच लागतं. त्यामुळे लूपच्या सुरुवातीला ‘टीसी कोलन-इक्वल टीसी’ अशी कॉपी करणाऱ्या जुन्या ओळी सेवेच्या रेपोतून काढल्या, तिथे अशा ओळी शोधणारा कॉपीलूपव्हार हा लिंटरही (कोड न चालवता चुका दाखवणारं टूल) लावला; लायब्ररीत त्या तशाच आहेत. सेवेतली टेस्ट फाइल लायब्ररीत नेताना ती ओळ परत घालावी लागते, किंवा फाइलच्या डोक्यावर गो १.२२ ची बिल्ड टॅग, म्हणजे त्या फाइलपुरती आवृत्ती ठरवणारी ओळ. रिव्ह्यूमध्ये हे नजरेतून सहज सुटतं, म्हणून लायब्ररीच्या सीआयमध्ये लूप व्हेरिएबलच्या पत्त्याची चूक पकडणारा जुना एक्स्पोर्टलूपरेफ लिंटर अजून चालू ठेवलाय. तो पॅरलल टेस्टमधला क्लोजर पकडत नाही. त्याच्यासाठी पॅरललटेस्ट नावाचा लिंटर वेगळा लावावा लागला.