फुगाझी : ठेक्यावर उभा राहिलेला आवेश

पोस्ट-हार्डकोर, म्हणजे हार्डकोर पंक या वेगवान, आक्रमक रॉक संगीतातून पुढे आलेला प्रकार, म्हणजे आरडाओरडा आणि गोंगाट, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडच्या बाबतीत तर तो मला अन्यायकारक वाटतो, कारण त्यांच्या संगीताचे खरे बळ वाद्ये कुठे थांबतात यात आहे.

फुगाझीचा गायक-गिटारवादक इयन मकाय याचा आधीचा बँड, मायनर थ्रेट, म्हणजे हार्डकोर पंकचा कळस होता. गाणी छोटी, लय विलक्षण द्रुत, श्वास घ्यायलाही उसंत नाही. 1987 मध्ये फुगाझी प्रथम मंचावर आला, तेव्हा तोच आवेश मकायने संथ, जड लयीत बांधायला घेतला. गायक गी पिचोटो आणि ड्रमवादक ब्रेंडन कँटी हे दोघे राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडमधून आले होते आणि बास गिटार जो लॅलीकडे होती.

या बँडचा कणा म्हणजे लॅलीची बास. जमैकातल्या रेगे आणि त्यातूनच निघालेल्या, बासवर भर देणाऱ्या डब संगीतातून आलेली ती भरीव, गोलाकार चाल गाणे तोलून धरते, आणि त्यामुळे दोन्ही गिटारींना अखंड वाजत राहण्याची गरजच उरत नाही. त्या मध्येच घुसतात, खरखरतात, एकमेकींना छेद देतात आणि गप्प होतात. मिरवणुकीतला नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या कानाला ही रचना पटकन उमगते, कारण ढोल ठेका धरून ठेवतो म्हणूनच ताशाला मनसोक्त कडकडता येते. पिचोटो सुरुवातीला केवळ गात असे; 1990 च्या 'रिपीटर' या अल्बमपासून त्याचीही गिटार आली आणि हा संवाद खऱ्या अर्थाने रंगला. 1995 च्या 'रेड मेडिसिन'मध्ये ते अधिक प्रयोगशील झाले.

मकायने जेफ नेल्सनसोबत 1980 मध्ये सुरू केलेल्या डिसकॉर्ड या कंपनीतूनच त्यांचे सगळे अल्बम निघाले. तिकीट शक्यतो 5 डॉलर, प्रवेश सर्व वयांना, टी-शर्टची विक्री नाही. प्रेक्षकांत कोणी इतरांना इजा करू लागला, तर गाणे थांबवून, पैसे परत देऊन त्याला बाहेर काढले जाई. संगीत श्रोत्यापर्यंत कोणत्या अटींवर पोहोचावे, हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभारणाऱ्या शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी दरबारातले गाणे तिकीट लावून सर्वांसाठी खुले केले, ते याच कळकळीने. फुगाझीच्या बाबतीत मला महत्त्वाचे वाटते ते हे, की या अटींचा परिणाम थेट वादनावर झाला. बहुतेक कार्यक्रमांत गाण्यांचा क्रम आधी ठरलेला नसे, त्यामुळे चौघांना सतत एकमेकांकडे कान ठेवूनच वाजवावे लागे.

2001 चा 'द आर्ग्युमेंट' हा त्यांचा शेवटचा अल्बम मला सर्वांत परिपक्व वाटतो. त्यात चेलो येतो, स्वर मृदू होतात, आणि तरीही ताण किंचितही सैल पडत नाही. 2002 च्या अखेरीस लंडनमध्ये त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर बँड अनिश्चित काळासाठी थांबला.

त्यांच्या सुमारे हजार कार्यक्रमांपैकी आठशेहून अधिक कार्यक्रम ध्वनिमुद्रित आहेत आणि 2011 पासून ते टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर खुले झाले. तेव्हाही सुचवलेली किंमत 5 डॉलरच होती. नव्या श्रोत्याने आधी 'रिपीटर', लगेच 'द आर्ग्युमेंट' आणि मगच ही ध्वनिमुद्रणे ऐकावीत, तीही बास स्पष्ट ऐकू येईल अशा हेडफोनवर.