हिमालयन ४११ खाली उतरवणे: टाचेखालचं अंतर ९५ वरून २६ मिमी

गाडी रॉयल एनफील्ड हिमालयन ४११, बीएस६. कागदावर सीटची उंची ८०० मिमी, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी, वजन पेट्रोलसकट १९९ किलो. चालकाची उंची १५७ सेमी, पायाची आतल्या बाजूने लांबी ७१ सेमी, वजन ५४ किलो. या लॉगमध्ये सगळी मापं टाचेखाली घेतली आहेत, सीटवर नाहीत. चालक बूट घालून गाडीवर सरळ बसलेला, दोन्ही पायांचे चवडे खाली, गाडी उभी, आणि टाच जमिनीपासून किती वर आहे ते पट्टीने मोजायचं. ८०० मिमीची रुंद सीट ८२० मिमीच्या अरुंद सीटपेक्षा जास्त छळते, त्यामुळे ब्रोशरमधल्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

सुरुवातीचं माप ९५ मिमी. म्हणजे नुसती बोटं टेकतात, तीही सपाट पार्किंगमध्ये. ताम्हिणीत किंवा वरंध्यात उताराच्या बाजूला कललेल्या रस्त्यावर थांबायची वेळ आली तर तो पाय हवेतच.

प्रीलोड

फुकटचं काम आधी. प्रीलोड म्हणजे मागच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब. मागचं चाक हवेत लटकत असताना एक्सलपासून सीटखालच्या फ्रेमवरच्या खुणेपर्यंत अंतर घ्या. मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून घ्या, मग चालक पूर्ण सामानासकट बसल्यावर. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक म्हणजे चालकासह बसणारा सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन जेवढं दबतं ते. मागचा ट्रॅव्हल (चाकाची वर-खाली होण्याची पूर्ण हालचाल) १८० मिमी आहे, त्याच्या साधारण ३० टक्के, म्हणजे ५४ मिमीच्या आसपास सॅग हवा. इथे निघाला ४३. हलक्या माणसाखाली स्प्रिंग पुरेशी बसतच नव्हती. प्रीलोड सैल करून सॅग ५३ वर आणला.

मागे १० मिमी उतरलं, टाचेला मात्र ६ च मिळाले. हा हिशोब पुढेही लागणार आहे. चालक दोन्ही चाकांच्या मध्ये, पुढच्या एक्सलपासून साधारण ६५ टक्क्यांवर बसतो, त्यामुळे नुसतं मागे जेवढं उतरेल त्याच्या दोन-तृतीयांशच त्याच्या वाट्याला येतं. टाच आता ८९ वर.

सीट

सर्वात जास्त फायदा इथे आहे आणि बहुतेकांचं सीटचं काम इथेच बिघडतं. सीटवाल्याला नुसतं "खाली करून दे" म्हटलं की तो मधला फोम काढतो आणि कडा तशाच ठेवतो. सीट वाटीसारखी होते, मांड्या कडांवर चढतात आणि पाय होता तिथेच राहतो. कडा आधी, मध्य नंतर.

रेक्झिन काढताना स्टेपल पिना चपट्या स्क्रूड्रायव्हरने एकेक उचलायच्या, ओढून काढलं तर कव्हर शिवणीत फाटतं. चालकाला बसवून मांडीची आतली बाजू जिथे फोमला घासते ती रेघ मार्करने दोन्हीकडे आखली. त्या रेघेबाहेरचा फोम टाकीच्या बाजूने तिरका उतरवला, प्रत्येक बाजूला सर्वात रुंद जागी २५ मिमी. मध्यातून फक्त १८ मिमी. हॅक्सॉच्या मोकळ्या पात्याने जाड काप आणि नंतर ग्राइंडरला ८० नंबरची सँडिंग डिस्क लावून हलक्या हाताने सफाई. डिस्क एका जागी टेकवली की फोम वितळून कडक गाठ होते आणि ती शंभर किलोमीटरनंतर नेमकी टोचते.

पॅनच्या (सीटच्या कडक तळाच्या) वर मध्यात ४० मिमी फोम शिल्लक ठेवला. त्याखाली जाऊ नका, खड्ड्यात पॅन लागतं. बसायच्या जागेवरचा वरचा १० मिमी थर काढून तिथे तेवढ्याच जाडीची घट्ट ईव्हीए (रबरासारखा फोम) शीट चिकटवली. रेक्झिन चढवण्याआधी फोमवर पातळ प्लास्टिक ओढलं. हे विसरलं तर कोकणातल्या पहिल्याच पावसात फोम पाणी पितो आणि आठवडाभर सोडत नाही.

टाच ६३ वर. १८ फोमचे, ८ निव्वळ अरुंद केल्याचे.

बूट

मोचीकडून दोन्ही बुटांना पूर्ण लांबीचा १५ मिमी सोल. नुसती टाच वाढवून उपयोग नाही, चवडा टेकायचा आहे. सोल वाढला की बूट गिअर लिव्हरखाली जात नाही आणि वरचे गिअर अडतात. त्यासाठी लिव्हर शाफ्टवरून काढून स्प्लाइनचा (शाफ्टवरच्या खाचांचा) एक दात वर बसवला, मागच्या ब्रेकचा पेडलही तेवढाच उचलला. पेडल हलवल्यावर ब्रेक लाइटचा स्विच पुन्हा सेट करावाच लागतो, नाहीतर ब्रेकचा दिवा वेळेवर पेटत नाही.

टाच ४८ वर, म्हणजे दोन्ही चवडे पक्के जमिनीवर. खरं सांगायचं तर बहुतेकांनी इथेच थांबावं. दोन्ही तळवे सपाट टेकायलाच हवेत हा हट्ट गाडीचं सस्पेन्शन खातो. इथे पुढे गेलो कारण ही गाडी पॅनिअर (बाजूच्या सामानाच्या पेट्या) भरून एकट्याने फिरणार आहे आणि भरलेली गाडी कलली की ५४ किलोचा माणूस चवड्यावर ती सावरू शकत नाही.

मागच्या पट्ट्या, पुढचे फोर्क

लिंकेजच्या (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म आणि शॉक यांना जोडणाऱ्या सांध्यांच्या) मूळ पट्ट्यांऐवजी लांब पट्ट्या. लांबीत फरक काही मिलिमीटरचाच असतो, एक्सलपाशी तो कितीतरी पटींनी वाढून दिसतो; इथे २४ मिमी निघाला. म्हणूनच कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये अंदाजे भोकं पाडून घेऊ नयेत. दोन पट्ट्यांच्या भोकांतलं अंतर जराही वेगळं असलं की लिंकेज पिळतं आणि नीडल बेअरिंग एका बाजूने झिजतात. बसवण्याआधी दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून बोल्ट आरपार घाला. हाताने सरकला पाहिजे, हातोडी लागली तर पट्ट्या परत करा. उघडलंच आहे तर बेअरिंग धुऊन वॉटरप्रूफ ग्रीस भरा, नायलॉक नट नवे घ्या आणि टॉर्क मॅन्युअलप्रमाणे द्या.

आता धोक्याचा भाग. पट्टी लांब केल्याने शॉकचा स्ट्रोक कमी होत नाही. चाक पूर्ण दाबलं गेल्यावर पूर्वीपेक्षा तेवढंच जास्त वर येतं आणि मडगार्डला घासू शकतं. हे बसून, उड्या मारून कळत नाही. शॉकची स्प्रिंग कंप्रेसर असलेल्या वर्कशॉपमधून उतरवून घेतली, नुसता डँपर (स्प्रिंगशिवायचा शॉक) गाडीत बसवला आणि बंप रबर (शॉकच्या शेवटी धक्का झेलणारं रबर) चेपेपर्यंत चाक जॅकने उचललं. टायर आणि मडगार्डमध्ये १४ मिमी उरले. १० च्या खाली गेलं तर कमी लांबीच्या पट्ट्या घ्या, मडगार्ड कापून जागा करू नका.

नुसतं मागे उतरवलं असतं तर? व्हीलबेस (दोन्ही एक्सलमधलं अंतर) १४६५ मिमी, मागे २४ मिमी म्हणजे गाडी सुमारे ०.९ अंश मागे झुकते. रेक (फोर्कचा तिरकेपणा) तेवढा वाढतो, २१ इंची चाकामुळे ट्रेल (स्टीअरिंगची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) साडेसहा मिमीच्या आसपास वाढतो. घाटात हेअरपिनला गाडी वळायला आळस करते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. म्हणून पुढेही उतरवायचं.

फोर्क टीमधून (फोर्कच्या नळ्या धरणाऱ्या क्लॅम्पमधून) २० मिमी वर सरकवले. नळ्या तिरक्या असल्याने उभ्या मापात हे १८ मिमीच भरतं. मर्यादा अशी ठरते: चाक लटकत असताना खालच्या टीपासून डस्ट सीलपर्यंत (फोर्कच्या बाहेरच्या भागाच्या तोंडावरच्या रबरापर्यंत) उघडी नळी मोजा. पुढचा ट्रॅव्हल २०० मिमी आहे, म्हणून सरकवल्यानंतरही २१० पेक्षा जास्त नळी उघडी उरली पाहिजे. नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर फोर्कचा बाहेरचा भाग टीवर आदळतो. एका वेळी एकच नळी सैल करायची. दोन्हींची वरची उंची व्हर्निअरने जुळवायची आणि एक्सल बोटाच्या जोराने आत गेला तरच बोल्ट आवळायचे. खालच्या टीचे बोल्ट जास्त आवळले की नळी दबते आणि फोर्क अडखळत चालतो. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायरी, केबल आणि ब्रेकची नळी कुठे ताणत नाहीत ना ते पाहायचं.

टाच २६ वर.

मागोमाग येणारी कामं

साइड स्टँड. गाडी खाली आली की मूळ स्टँडवर ती जवळजवळ सरळ उभी राहते आणि उजवीकडे पडते. काम सुरू करण्याआधीच मोबाईलवर कलाचा कोन मोजून ठेवला होता. स्टँड गाडीवरून काढून (गाडीवर असताना वेल्डिंग नको, ईसीयू म्हणजे इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर जातो) आधी १५ मिमी कापला, टॅक (वेल्डचा तात्पुरता ठिपका) मारून लावून पाहिला, मग आणखी ४ मिमी. आत ४० मिमीचा भरीव तुकडा घालून पूर्ण वेल्ड. एकदम २५ कापणाऱ्यांना नंतर खाली पत्रे चिकटवावे लागतात.

चेन. स्विंगआर्म आता कमी झुकलेला, म्हणून चेन घट्ट झाल्यासारखी दिसते. गॅरेजवाला लगेच सैल करायला बघतो, त्याला थांबवा. पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वात घट्ट असते आणि त्या जागेचं माप बदललेलं नाही. रॅचेट पट्ट्याने मागची बाजू तिथपर्यंत ओढून १५ मिमी ढील आहे एवढं पाहिलं, चेनला हात लावला नाही.

सॅग पुन्हा. लिंकेजची लीव्हरेज बदलल्याने मागची बाजू मऊ झाली, सॅग ६१ वर गेला. प्रीलोड वाढवून ५५. सामान लादल्यावर आणखी वाढवायचा, पण उंची कमी वाटली म्हणून तो कमी करू नका. ग्राउंड क्लिअरन्समधून आधीच २० मिमीच्या आसपास गेले आहेत आणि गावाबाहेरचे स्पीडब्रेकर बॅश प्लेट (इंजिनखालचा संरक्षक पत्रा) शोधतच असतात.

सेंटर स्टँड तसाच ठेवला आहे. गाडी खाली आल्यामुळे आता ती जास्त उचलावी लागते आणि हलक्या चालकाला ते जमत नाही. तूर्त उपाय म्हणजे २५ मिमी जाडीची फळी. मागचं चाक आधी तिच्यावर चढवायचं, मग स्टँड ओढायचा. स्टँड कापायचा की नाही हे पॅनिअर भरून मागचं चाक किती वर राहतं ते मोजल्यावर ठरवू. टायर काढताना ते चाक हवेत राहायला हवं, आणि १५ मिमीपेक्षा जास्त जागा उरत असेल तरच कापू.