गळाठ्याच्या दिवसांचे चवळीचे कढण

डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरू लागला की जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल भागात केळीला थंडी बाधू नये म्हणून शेतकरी रात्री बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात. माणसाच्या अंगात गळाठा, म्हणजे अशक्तपणा आणि मरगळ, आला, तर आमच्या घरी चवळीचे कढण होते.

त्यातले खरे काम आदल्या रात्रीचे आणि तेही दोन मिनिटांचे असते. वाटीभर चवळी निवडून चार वाट्या पाण्यात चमचाभर मीठ घालून भिजवायची. मिठाने कडधान्य टणक राहते असा समज आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे, मिठाच्या पाण्यात साल लवकर मऊ पडते. सकाळी ते पाणी ओतून द्यावे आणि नव्या चार वाट्या पाण्यात हळद, हिंग घालून कुकरला चार शिट्ट्या कराव्यात.

पहिल्या वेळी मी दोन टोमॅटो चवळीबरोबरच कुकरमध्ये टाकले होते आणि पाणीही बोअरचेच वापरले होते. सहा शिट्ट्यांनंतरही निम्मे दाणे गणंग राहिले. आंबट पदार्थामुळे दाण्यातले पेक्टिन, म्हणजे पेशींना चिकटवून ठेवणारा घटक, सहज विरघळत नाही आणि जड पाण्यातले कॅल्शियम ते आणखी घट्ट करते, हे मला नंतर कळले. तेव्हापासून मी शिजवायला फिल्टरचे पाणी घेते आणि टोमॅटो फोडणीत परतते.

शिजलेली निम्मी चवळी रवीने घोटावी, निम्मी तशीच ठेवावी. तेलात जिरे, आठ-दहा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि एक हिरवी मिरची घालावी. लसणाच्या कडा तांबूस होऊन घरभर वास सुटला की टोमॅटो, मग चवळी आणि लागेल तेवढे गरम पाणी. मीठ चव पाहून घालावे, कारण थोडे आधीच मुरलेले असते. काळा मसाला आणि भाजलेले खोबरे शेवभाजीला शोभते. ते वाटण्याइतके बळ अंगात असते, तर मी कढण कशाला केले असते?

ज्वारी आणि उडदाची कळण्याची भाकरी असल्यास कुस्करून घ्यावी, पण त्या दिवशी ती थापायला कोणी दुसरे हवे. मी बहुधा कालची शिळी भाकरीच वाडग्यात मोडते आणि कढण वरून ओतून ती भिजेपर्यंत थांबते.